हो दादा, चालेल दादा!

माझी मिशी गेली ती 'हो' म्हटल्यामुळे.

मिशी साधीसुधी नव्हती. कॉलेजात असताना ठेवलेली, लग्नाच्या फोटोत माझ्याआधी नजरेत भरणारी. माझ्या बायकोने, म्हणजे सुनंदाने, मला पसंत केलं ते मिशीकडे बघून, असं ती स्वतः सांगते. (बाकीच्याकडे बघून का नाही केलं, हे मी कधी विचारलेलं नाही.) अशी मिशी मी माझ्या तोंडाने देऊन बसलो, आणि दिली हे मला माहीतही नव्हतं.

मी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत तक्रारींच्या खिडकीत बसतो. सकाळपासून माणसं येतात आणि बोलतात. सगळ्यांचं सगळं ऐकत बसलो तर मी पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही. त्यामुळे मी एक विद्या कमावली. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मान हलवायची, मध्येमध्ये 'हो', 'बरोबर', 'चालेल' हे तीन शब्द आलटून पालटून टाकायचे आणि मनातल्या मनात संध्याकाळी बांगडा घ्यावा की सौंदाळा, याचा विचार करायचा. समोरचा अगदी समाधानाने घरी जातो. त्याचं काम होत नाही, ती गोष्ट वेगळी.

ही विद्या मी हळूहळू घरीही आणली. सुनंदाला संशय होताच. ती मध्येच थांबून विचारायची, "मी आत्ता काय म्हटलं?"

त्यावरही माझ्याकडे इलाज होता. शेवटचे चार शब्द कानात कुठेतरी लोंबकळत असतात, तेवढे परत म्हणून दाखवायचे. "...आणि नळाचा वायसर बदला म्हटलंस." बायको गप्प! वायसर मात्र तसाच.

पण या विद्येचा खरा कस लागायचा तो बबनदादाच्या फोनवर. बबनदादा माझा चुलतभाऊ. आमचा गाव आरे-वाऱ्याच्या पुढे, डोंगर चढून गेलं की लागतो. दादा तिथे एकटाच राहतो. वहिनी गेली, मुलगा मुंबईला. दादा गावच्या नमनाचा, म्हणजे शिमग्यातल्या खेळाचा, प्रमुख, मृदंग वाजवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, आणि बोलण्यातही नाही. त्याचा फोन आला की मी तो लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा करायचो, स्पीकर चालू करायचो आणि माझी कामं करायचो. इस्त्री करायचो. मॅच बघायचो. एकदा तर आंघोळ करून आलो, तरी दादा अजून त्याच फणसाच्या गोष्टीवर होता!

"आयकतोस ना बाळ्या?"

"हो दादा."

"मी बोल्लो ते बरोबर का नाय?"

"बरोबर दादा."

"मंग तसंच करूया म्हणतोस?"

"चालेल दादा."

शिमग्याच्या आधीची गोष्ट. मी जेवायला बसलो होतो, समोर टीव्ही चालू होता. सुनंदा आमटी वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुम्ही मिशी काढणार आहात?"

"हो."

"कधी?"

"चालेल."

"आणि माझी हिरवी नऊवारी देणार आहात म्हणे."

"बरोबर."

सुनंदाने आमटीचा डाव खाली ठेवला आणि टीव्ही बंद केला. आमच्या घरात टीव्ही मध्येच बंद होतो तो वीज गेली तर, किंवा कोणीतरी गेलं तर. मी एकदम शुद्धीवर आलो.

"दादांचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुम्ही यंदा नमनात मावशी करताय."

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते आणि तिच्यापुढे गावातले लोक नमन करतात. त्यात गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या त्यांची वाट अडवतात. गौळणींची पुढारी असते ती मावशी. ती वयस्कर, फटकळ, कोणाला न ऐकणारी. सगळी कामं पुरुषच करतात. लुगडं नेसून, नथ घालून. आणि अर्थात, मिशी काढून!

"मी हो म्हटलं?" मी विचारलं.

"तीन-तीनदा म्हटलंत म्हणे. आणि वर म्हणालात, चालेल."

मी मोबाइल उघडला. गावच्या ग्रुपवर माझ्या लग्नातला फोटो टाकलेला होता. खाली लिहिलं होतं, 'यंदा मावशीच्या भूमिकेत आपले बाळाशेठ'. त्याखाली मुंबईच्या चाकरमान्यांची रांग लागली होती. 'मावशी, तिकीट काढलं!' 'मावशी, लुगडं कुठल्या रंगाचं?' एकाने तर माझ्या मिशीवर लाल फुली मारून फोटो परत टाकला होता.

रविवारी मी गावाला गेलो ते नाही म्हणायलाच. घाटी चढताना वाक्य पाठ करत होतो. 'दादा, मला जमणार नाही. माझी कचेरी आहे, माझा गुडघा आहे, माझी मिशी आहे.' इतकं सोपं वाक्य. दादाच्या ओटीवर पाय ठेवला आणि तोंड उघडलं.

"आलास!" दादा म्हणाला. "बस. आधी चाय घे. काय बोलायचं ता मागनं बोल."

त्याने स्वतःच चुलीवर चहा टाकला. साखर जास्त झाली होती. मग आतून एक पत्र्याची पेटी ओढत आणली. पेटीतून डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत एक जुनं लुगडं होतं आणि चिंधीत गुंडाळलेली पितळी नथ.

"काकांची," दादा म्हणाला.

काका म्हणजे माझे वडील. मी लहान असताना ते मावशी करायचे आणि मी सहाणेजवळ आईच्या मांडीवर बसून ओरडायचो, "ते बाबा आहेत!" सगळे हसायचे. बाबा गेल्यावर मावशी दुसऱ्या एकाकडे गेली, तो आता मुलाकडे पनवेलला जाऊन राहिला.

"आता गावात मावशी करणारा कोण ऱ्हायला नाय," दादा म्हणाला. "पोरं म्हणतात नमन नको, स्पीकर लावू नि नाचू. मी पोरांना बोल्लो, मावशी उभी ऱ्हायली तर नमन व्हईल, नायतर हे साल शेवटचं. मृदंग देवळात टांगून ठेवीन."

मी घसा साफ केला. "दादा, मी काय म्हणतो..."

"तुला म्हणून विचारलं बाळ्या. दुसऱ्या कोणाला फोन केला तर म्हणतात दादा, जरा कामात हाय. माझा स्वतःचा पोरगा दोन मिनटांत म्हणतो, रेंज जातेय. तू एकदा तरी माझा फोन कापलास काय? सांग! तू एकटा हायस, सगळं आयकून घेतोस."

(फोन कापला नव्हता हे खरं. तो चालू आहे हेच विसरलेलो असायचो.)

मला इतकी लाज वाटली की बशीतला चहा बशीतच राहिला. माझं पाठ केलेलं वाक्य गुडघा, कचेरी आणि मिशीसकट घशात अडकलं. दादा ती नथ धोतराच्या सोग्याने पुसत माझ्याकडे बघत होता.

"मंग करशील ना?"

"हो दादा," मी म्हणालो. या वेळी पूर्ण शुद्धीत म्हणालो. परिणाम तोच.

दादाचा हुकूम होता, मिशी आधीच काढायची. इतक्या वर्षांनी काढली की खाली पांढरा पट्टा राहतो, तो उन्हाला सरावला पाहिजे. केस कापणाऱ्याने मला खुर्चीत बसवलं आणि मी काय ते सांगितल्यावर वस्तरा खाली ठेवून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही रे! काढ!"

"धीर धरा," तो म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिरलो तर सगळे एकदम गप्प! खिडकीशी आलेली माणसंही कुजबुजल्यासारखी तक्रार करू लागली. एका आजोबांनी तर तक्रार मागेच घेतली. "तुमचं आधीच मोठं झालंय," म्हणाले, "माझी पाणीपट्टी काय, पुढे बघू." दुपारी साहेब माझ्या टेबलाशी आले. मी मनात मावशीची वाक्यं घोकत होतो. 'गो बायांनो, डोईवरची मडकी सांभाळा...' साहेब काहीतरी हळू आवाजात बोलत होते. मी डोळ्यांत बघितलं, मान हलवली आणि म्हणालो, "हो साहेब." साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "चालेल साहेब."

काय चालेल, ते संध्याकाळी कळलं.

सुनंदा मला नऊवारी नेसवून बघत होती. काष्टा घालता घालता हसून हसून ती पलंगावर बसली होती. माझ्या नाकात बाबांची नथ, कपाळाला कुंकू. तेवढ्यात बेल वाजली. 'दूधवाला असेल,' असं म्हणत तिने दार उघडलं. दारात अख्खी कचेरी! पुढे साहेब, त्यांच्या हातात सफरचंदांची पिशवी, मागे बाकीचे मान खाली घालून. सांत्वनाला आले होते.

सुनंदाच्या तोंडावरचं हसू साहेबांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, धक्क्याने झालंय. "वहिनी, सावरा," ते म्हणाले. मग त्यांची नजर आत माझ्याकडे गेली. मी उठून पळणार होतो, पण नऊवारीत पळायला सवय लागते. पायात काष्टा अडकला आणि मी साहेबांच्या पायाशी पडलो.

"साहेब," मी खालूनच म्हणालो, "कोणी गेलेलं नाही. मी मावशी आहे."

साहेबांनी सफरचंदं टेबलावर ठेवली. ती परत न्यावीत की नाही याचा त्यांनी क्षणभर विचार केला, असं मला वाटलं. मग सगळे चहा न घेता गेले. त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं पाहिजे होतं, पण जिना उतरताना साहेब कोणाचंच ऐकत नव्हते.

आणि शिमगा आला. हल्ली दहावीच्या परीक्षा असतात म्हणून आमच्या गावात नमन दिवेलागणीलाच सुरू करतात. पालखी सहाणेवर बसली होती, अबोलीच्या माळांनी भरून गेलेली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईची माणसं, माहेरवाशिणी, पोरं झाडावर. पहिल्या रांगेत सुनंदा, माझ्या पँटशर्टाची पिशवी मांडीवर घेऊन. एका बाजूला दादा मृदंग घेऊन बसला होता. त्याने देवाला हात जोडले, मृदंगावर थाप मारली आणि माझ्याकडे बघितलं.

मी गौळणी घेऊन निघालो. पहिली वाक्यं बरी गेली. आवाज बायकी काढायचा होता, तो आपोआपच निघाला, कारण भीतीने घसा आवळला होता. मग कृष्ण आणि पेंद्या आडवे आले. पेंद्या झाला होता गावातला रिक्षावाला सुरेश. त्याला माइकची भीती नाही, देवाचीही नाही.

इथे मावशीचं खरं काम असतं. कृष्णाने दान मागायचं, मावशीने नाही म्हणायचं. पेंद्याने गोड बोलायचं, मावशीने त्याला झोडायचं. यातलं पाठांतर थोडं, बाकी सगळं समोरच्याचं ऐकून जागच्या जागी सुचायला हवं. बाबांना ते सुचायचं. मला समोर फक्त माणसंच माणसं दिसत होती. कृष्ण काहीतरी बोलला. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. मान हलवली.

"हो," मी म्हणालो.

कृष्ण गांगरला. "म्हणजे... दही-दुधाचं दान दिल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही, असं म्हणतोय मी!"

"पुढे जाऊ देणार नाही. बरोबर."

अंगणात कोणीतरी खुदकन हसलं. मागून एक गौळण माझा पदर ओढून कुजबुजली, "मावशी, नाय म्हण! नाय म्हणायचं हाय!"

पण माझी गाडी रुळावर लागली होती. पेंद्याने ती बरोबर ओळखली. तो पुढे सरकला. "मावशी, सगळं दही देशील?"

"चालेल."

"मडकी पण?"

"हो."

"ह्या सगळ्या गौळणी हितंच ठेवून जाशील?"

"बरोबर."

"आणि मावशी, माझ्याशी लगीन करशील?"

"चालेल की!"

अंगण कोसळलं! झाडावरची पोरं खाली यायची बाकी राहिली. म्हातारे टोप्या काढून डोळे पुसत होते. पहिल्या रांगेतून सुनंदा उभी राहून ओरडली, "अहो, माझं वीस वर्षांत एक ऐकलं नाहीत आणि त्या पेंद्याला लगेच होकार?" त्यावर हशा आणखी वाढला. कृष्ण तर सहाणेच्या पायरीवर बसून हसत होता. देवाला तसं शोभत नाही, पण त्याचाही इलाज नव्हता.

आणि माझी नजर दादाकडे गेली. मृदंग थांबला होता. दादा माझ्याकडे एकटक बघत होता. त्याच स्वरात, त्याच क्रमाने, तेच तीन शब्द त्याने माइकवरून ऐकले होते. हो, बरोबर, चालेल. वाटलं, आता याला कळलं. आपलं सगळं ऐकून घेणारा एकटा माणूस म्हणून हा ज्याच्यावर विसंबला, तो कसा आहे ते याला देवासमोर कळलं.

मग दादाने मान खाली घातली आणि मृदंगावर अशी काही थाप मारली, की नमन पुढे वाहतच गेलं.

नमन संपल्यावर लोक पालखीच्या पाया पडत होते. मी सहाणेमागे दगडावर बसून नथ काढायचा प्रयत्न करत होतो. दादा येऊन शेजारी बसला.

"फोनवर पण असंच असतं ना तुझं?" त्याने विचारलं.

मी नथीशी झटत राहिलो. शेवटचे चार शब्द परत म्हणण्यातही अर्थ नव्हता.

"मला ठाऊक हाय रे," दादा म्हणाला. "कधीपास्नं ठाऊक हाय. मागं एकदा मी तुला मुद्दाम बोल्लो, बाळ्या, तुज्या बिल्डिंगीत वाघ शिरला आणि तुजी म्हैस घेऊन गेला. तू बोल्लास, बरोबर दादा."

"दादा..."

"तुज्याकडं म्हैस हाय काय?"

"नाही दादा."

"मंग!"

मी मान खाली घातली. "मग तरी मला फोन का करतोस?"

दादाने माझ्या पदराने स्वतःचा घाम पुसला. "अरे, तुझी वहिनी गेल्यापास्नं घरात मी बोललो तर भिंती गप. तू निदान हो तरी म्हणतोस."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खोटं कशाला सांगू! पण तेवढ्यात माझ्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला.

"म्हणजे मावशीचं विचारलंस तेव्हाही तुला ठाऊक होतं, मी ऐकत नाहीये?"

"तर काय! मॅचची शेवटची ओव्हर चाललेली, मला टीव्हीचा आवाज येत होता. मी बरोबर टायमिंग साधून विचारलं. शुद्धीत असतास तर हो म्हटला असतास काय?"

आणि तो इतका मोकळा हसला, की पालखीजवळची माणसं वळून बघायला लागली. मीही हसलो. नथ नाकातच होती, हसताना फार दुखली.

तेव्हापासून दादाचा फोन आला की मी टीव्ही बंद करतो. लोणच्याची बरणी फडताळात ठेवतो. खुर्चीत बसून, फोन कानाला लावून ऐकतो. आणि सांगतो तुम्हाला, दादा फार चांगलं बोलतो! फणसाची ती गोष्ट फणसाची नव्हतीच, बाबांची होती. मी आंघोळीला गेलो त्या वेळी नेमके बाबा झाडावर चढले होते. मी त्याला ती परत पहिल्यापासून सांगायला लावली.

मात्र गेल्या आठवड्यात मीच बोललो. मन घट्ट करून सविस्तर बोललो. गुडघा दुखतो, पुढच्या शिमग्याला मावशी मला जमायची नाही, मिशी आता पुन्हा ठेवतोय, दुसरं कोणीतरी बघ. पलीकडून दादाचा आवाज शांतपणे येत होता.

"हो... बरोबर... चालेल."

मला बरं वाटलं. किती समजूतदार माणूस! मग उगाच शंका आली. "दादा, मी आत्ता काय म्हटलं?"

"दुसरं कोणीतरी बघ म्हटलास," दादा म्हणाला. "बघितलं की! तू मावशीच. कृष्ण दुसरा बघितला, यंदाचा फार हसला."

मी मिशी वाढवायचा नाद सोडून दिलाय, आली होती तेवढीही काढून टाकली. परवा साहेब खिडकीपाशी थांबले, माझ्या वरच्या ओठाकडे बघत बराच वेळ काहीतरी बोलत होते. मी त्या वेळी बाबांच्या फणसाचा विचार करत होतो. बोलणं संपल्यावर मी डोळ्यांत बघून, मान हलवून म्हणालो, "हो साहेब."

संध्याकाळी पुन्हा सफरचंदं आली.